पालक घरी परतले, सबब पाल्यानेही परतावे, या आदेशाविरुद्ध

प्रति,
मा. उपकुलसचिव,
परदेश अभ्यास कक्ष,
मुख्य इमारत, दुसरा मजला, बंद लिफ्टसमोर.

विषय : स्थानिक पालक मायदेशी परतल्याच्या कारणावरून अर्जदार विद्यार्थिनीस शिक्षण अर्धवट सोडून परत बोलावण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा परत बोलावण्याचा आदेश. २) नियमावलीतील 'विद्यार्थिनींसाठी विशेष दक्षता' हे कलम. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज. त्यांपैकी एकाला उत्तर आले, ते वसतिगृहातील पंख्याच्या दुरुस्तीबाबत होते.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार खालीलप्रमाणे निवेदन करते. निवेदन लांबले आहे याची तिला कल्पना आहे. आधीचे अर्ज अर्ध्या पानाचे होते आणि त्यांचे काय झाले ते वर नमूद केले आहे.

१. अर्जदार ही आपल्या विद्यापीठात एम.ए. फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परदेशात, जिथे फ्रेंच रस्त्यावर बोलली जाते अशा ठिकाणी, एक वर्ष राहून भाषा आणि संस्कृती यांचा अभ्यास करण्यासाठी तिची रीतसर परीक्षा घेऊन शिष्यवृत्तीवर निवड झाली. वर्गातून दोघेच निवडले गेले. दुसरा म्हणजे वर्गात 'लाडोबा' या नावाने ओळखला जाणारा सहाध्यायी. तो अर्जदाराहून वयाने लहान आहे. डब्यातली भाजी उरली तर त्याची आई विभागप्रमुखांना फोन करून कारण विचारीत असे, त्यावरून हे नाव पडले. पुढे जे घडले त्यामुळे या अर्जात यापुढे त्याचा उल्लेख 'पालक' असा, आणि पदाला शोभेल अशा आदरार्थी बहुवचनात केला आहे.

२. परदेशी जाताना विद्यार्थ्याने पासपोर्टची प्रत आणि लस टोचल्याचा दाखला द्यायचा होता. विद्यार्थिनीने त्याशिवाय एक 'स्थानिक पालक' द्यायचा होता. तो त्याच शहरात राहणारा, वयाने ज्येष्ठ, विवाहित व प्रतिष्ठित असावा आणि विद्यार्थिनीची वर्तणूक समाधानकारक असल्याचे त्याने दर आठवड्याला कक्षास कळवावे, असा नियम आहे. विद्यार्थ्यांच्या वर्तणुकीबद्दल नियमावलीत अवाक्षर नाही. ती बहुधा जन्मतःच समाधानकारक असावी.

अर्जदाराने हा नियम पाळण्याचा मनापासून प्रयत्न केला. ती ज्यांच्या घरात खोली घेऊन राहते त्या घरमालकीणबाई निवृत्त परिचारिका आहेत. वयाने ज्येष्ठ आहेत, आणि नवरा वारला नसता तर विवाहितही राहिल्या असत्या. अर्जदाराने कलमाचे फ्रेंच भाषांतर करून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले आणि विचारले, "तुझं वय काय?" अर्जदाराने सांगितले. "मग हे कोणासाठी आहे?" अर्जदारासाठीच आहे असे कळल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे मांजर आहे. त्याच्या दवाखान्याच्या कागदांवर मी सही करते, कारण त्याला स्वतःची करता येत नाही. तुला येते ना?" आणि त्यांनी कागद परत दिला. त्यांना अपमान वाटला होता, आणि तो त्यांचा स्वतःचा नव्हे तर अर्जदाराचा झाला आहे असे त्यांचे म्हणणे होते. अर्जदारास त्या दिवशी ते समजले नाही. तिला वाटले बाई तुसड्या आहेत.

येथील विद्यापीठाच्या कार्यालयात विचारणा केली असता, अर्जदार आपले लहान मूल बरोबर घेऊन येत आहे असा त्यांचा समज झाला. त्यांनी तत्परतेने पाळणाघराचा फॉर्म पाठवला. मूल अंधाराला घाबरते काय आणि दुपारी झोपते काय, असे प्रश्न त्यात होते. येथवर चूक कोणाचीही नव्हती. आपले कलम वाचून शहाण्या माणसाचा दुसरा काही समज होणे शक्यच नाही.

३. ही अडचण अर्जदाराने आपल्या कक्षातील वरिष्ठ लिपिक भाऊसाहेब यांना फोनवरून कळवली. ते स्वभावाने वाईट नाहीत. त्यांचे बोलणे आठवते तसे देत आहे. "आपल्याकडचं कोणी नाही का तिकडे? असतंच की कोणी ना कोणी." कोणी नाही, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "अहो, तो तुमच्याबरोबरचा मुलगा आहे ना? त्यालाच करून टाकू पालक." तो अर्जदाराहून लहान आहे, त्याचे लग्न झालेले नाही, आणि त्याला त्या शहरातला एकही रस्ता माहीत नाही, हे अर्जदाराने निदर्शनास आणले. त्यावर भाऊसाहेब म्हणाले, "मुलगा आहे ना? मग झालं तर."

तसा लेखी आदेश निघाला. ज्येष्ठत्वाची अट 'समंजस' या शब्दाने आणि विवाहाची अट 'घरंदाज' या शब्दाने भरून काढण्यात आली. आपली सही आहे, महोदय. निळ्या शाईची.

४. नियुक्तीनंतर पालकांनी पाल्याचा सांभाळ कसा केला याची कक्षाच्या दप्तरी नोंद असावी.

पहिल्याच आठवड्यात पालक ट्रामच्या थांब्यापासून वसतिगृहापर्यंतच्या सरळ रस्त्यावर हरवले. पाल्याने शोधाशोध करून त्यांना एका फर्निचरच्या दुकानातून आणले. ते तिथे विक्रीच्या सोफ्यावर बसून होते, कारण विक्रेत्याने बसवले होते आणि उठायचे असेल तर काय म्हणावे हे त्यांना सुचत नव्हते. पालकांनी सगळे कपडे एकत्र यंत्रात टाकले आणि त्यानंतर ते इथून जाईपर्यंत गुलाबी बनियनमध्ये वावरले. पालकांना अंडे उकडता येत नव्हते. ते पाल्याने शिकवले. समोरच्याने फ्रेंचमध्ये काहीही विचारले की पालक 'हो' म्हणत. खाते उघडायला म्हणून बँकेत गेलेले पालक असे 'हो' 'हो' करीत घराचा, मोटारीचा आणि कुत्र्याचा विमा उतरवून बाहेर आले. पालकांकडे घर, मोटार किंवा कुत्रा यांपैकी काहीही नाही.

विमे रद्द करायला अर्थातच पाल्य गेली. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी सही दाखवली आणि खांदे उडवले. तेव्हा अर्जदार आयुष्यात पहिल्यांदा फ्रेंचमध्ये भांडली. क्रियापदे चुकत होती, मागे रांग खोळंबली होती. पण ती जागची हलली नाही. कुत्रा नसलेल्या माणसाला कुत्र्याचा विमा विकण्याआधी आपण त्याच्या तोंडाकडे एकदा तरी पाहिले होते का, असे तिने विचारले. गृहस्थ ऐकून घेत राहिले, मग "तुमचं बरोबर आहे" म्हणाले आणि कागद फाडले. अर्जदार बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर बसली. तिला इतका आनंद झाला होता की तिथेच मोठ्याने हसावेसे वाटले. आपल्याला ही भाषा येते असे तिला वाटले ते त्या दिवशी, आपल्या विद्यापीठाच्या पदवीपत्राच्या दिवशी नव्हे.

त्याच आठवड्याचा अहवाल आपल्या दप्तरी असेल: 'पाल्याची वर्तणूक समाधानकारक.' तो पाठवण्यापूर्वी पालकांनी पाल्याला फोन करून विचारले होते, "काय लिहू गं? नेहमीचंच ना?"

५. अर्जदार येथे काय शिकते असा प्रश्न आपल्या कक्षास आजवर पडलेला नाही, तरी सांगते. येथील प्राध्यापिकाबाईंनी तिचा पहिला निबंध परत केला. आपल्याकडे ज्याला उत्तम म्हणतात तसा तो होता, मोठ्यांची मते मोठ्या वाक्यांत मांडलेला. खाली त्यांनी लिहिले होते, "सगळं बरोबर आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?" येथे एक बाजू मांडायची, मग तिच्या विरुद्धची तितक्याच जोराने मांडायची, आणि शेवटी स्वतः ठरवायचे, अशी पद्धत आहे. ठरवायचे टाळले की पेपर परत येतो. अर्जदाराचे कित्येक पेपर परत आले. मग येईनासे झाले.

तिच्या प्रबंधिकेचा विषय 'शेजाऱ्यांच्या बैठकीतील मतभेदाची भाषा' हा आहे. तो तिला घरमालकीणबाईंमुळे सापडला. त्या तिला इमारतीच्या बैठकीला घेऊन गेल्या. जिन्याखाली सायकली ठेवाव्यात की नाही, यावर सगळे शेजारी संध्याकाळभर भांडले. बाईंनी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना "तुम्ही म्हणता तो शुद्ध मूर्खपणा आहे" असे तोंडावर सुनावले, आणि निघताना त्यांच्याच सायकलचा दिवा जळत राहिला आहे हे सांगायला गुडघे दुखत असताना परत वर चढून गेल्या. अर्जदाराच्या घरी असे वाक्य कोणी बोलले असते तर दोन पिढ्या जाणेयेणे बंद झाले असते. हे कसे जमते, हाच तिचा अभ्यास आहे. त्यावर वर्षाच्या अखेरीस परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा आहे. ती दिली तरच वर्ष धरले जाते. न दिल्यास इथे केलेले सगळे काम पाण्यात जाते. ती परीक्षा देता यावी यापलीकडे अर्जदारास काहीही नको आहे.

६. हिवाळ्यात पालकांची तब्येत ढासळली. अंधार लवकर पडू लागला तसे त्यांनी वर्गात येणे सोडले, मग जेवण सोडले. पाल्य रोज वर्ग सुटल्यावर सूप घेऊन जात असे आणि ते संपेपर्यंत समोर बसत असे. या परिच्छेदात अर्जदारास थट्टा करावयाची नाही. तो खोलीत भिंतीकडे तोंड करून रडत असे आणि त्याची आई फोनवर रडत असे. अर्जदार त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला विचारले, "तुम्ही यांच्या कोण?" यांची पाल्य, असे सांगण्याचा तिला धीर झाला नाही. बहीण, असे ती म्हणाली. डॉक्टरांनी त्याला घरी पाठवण्याचा सल्ला दिला.

आपल्या कक्षाने त्याला त्याच दिवशी परवानगी दिली, याबद्दल अर्जदार आपली ऋणी आहे. तिने त्याची बॅग भरली, विमानतळावर नेले, आणि त्याची रांग संपेपर्यंत काचेबाहेर उभी राहिली. जाताना तो म्हणाला, "तू नसतीस तर मी पहिल्या महिन्यातच पळालो असतो." तो वाईट मुलगा नाही. गळ्यात पडलेले हे पद त्याने मागून घेतलेले नव्हते.

७. यानंतर आपला आदेश आला. त्यातील वाक्य असे: 'स्थानिक पालक मायदेशी परतल्यामुळे सदर पाल्य निराधार झाले असून, सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यास या महिनाअखेर परत येण्याचे निर्देश देण्यात येत आहेत.' परत न आल्यास शिष्यवृत्ती बंद आणि वर्ष रद्द. आल्यासही वर्ष रद्दच.

'निराधार' हा शब्द अर्जदाराने पुन्हा पुन्हा वाचला. ज्याला तिने सोफ्यावरून उठवून आणले, अंडे उकडायला शिकवले, सूप पाजले आणि विमानात बसवले, तो गेल्यामुळे ती निराधार झाली. अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही, आणि या अर्जाची भाषा काही ठिकाणी शिष्टसंमत नसेल तर त्याचे कारण हे आहे.

याहून पुढची गोष्ट तिला भाऊसाहेबांकडूनच कळली. पालकांचे वर्ष मात्र रद्द झालेले नाही. आजारपणाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन त्यांना घरबसल्या निबंध लिहून उत्तीर्ण होण्याची मुभा मिळाली आहे. त्यांना ती मिळावीच. पण जो टिकला नाही त्याचे वर्ष टिकले आणि जी टिकली तिचे गेले, हा हिशेब कोणत्या कलमाखाली बसतो, ते आपण अर्जदारास समजावून सांगावे. भाऊसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, "त्यांचं आजारपण आहे हो. तुमचं तसं काहीच नाही ना."

८. आपण आदेशाची एक प्रत अर्जदाराच्या वडिलांना पाठवली. घरी नव्हे, त्यांच्या कामावर. ते एका कारखान्याच्या फाटकाशी वजनकाट्यावर काम करतात. प्रवेशाच्या वेळी आपल्या फॉर्मवर 'वडिलांच्या कार्यालयाचा पत्ता' असा रकाना होता आणि त्यांनी तो अभिमानाने भरला होता. लिफाफा आधी त्यांच्या साहेबांनी फोडला. 'विद्यार्थिनीस परदेशातून परत बोलावणेबाबत' हा विषय त्यांनी मोठ्याने वाचला, आणि पुढचे वाचण्याची कोणाला गरज वाटली नाही. मुलीला वर्षाच्या मध्येच परत बोलावतात ते कशासाठी, हे लोकांना कळते, महोदय. आपल्याकडे त्याला पुरावा लागत नाही.

वडील त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत इतरांबरोबर बसत नाहीत. ते आता वजनकाट्याच्या खोलीतच डबा खातात. हे आईने सांगितले. ते स्वतः फोनवर "इकडे सगळं ठीक आहे" एवढेच म्हणतात आणि फोन आईकडे देतात.

आणि आईने विचारले, "खरं सांग, काही झालंय का? मी रागावणार नाही."

अर्जदाराच्या आईने तिला आजवर असे कधी विचारले नव्हते. मुलगी दूर पाठवू नका म्हणून नातेवाईक घरी येऊन बसले होते, तेव्हा याच आईने त्यांना चहा देऊन वाटेला लावले होते. तिच्या तोंडात हे वाक्य आपल्या कक्षाने घातले. अर्जदाराने काही झालेले नाही असे सांगितले, नियम समजावला, पालकांचा प्रकार सांगितला. आई हं हं करीत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं. पण मग ते उगाच कशाला बोलावतील?" या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराजवळ नाही. ते आपल्याजवळही नाही, तरी आपण सही केलीत. अर्जदारास आपला संताप येतो, आणि तो लपवण्याची तिची इच्छा नाही.

९. मार्ग काढण्याच्या हेतूने भाऊसाहेबांनी एक उपाय सुचवला, तोही नमूद करते. "महिनाअखेरपर्यंत लग्न झालं तर नवरा आपोआप पालक होतो. तसा नियम आहे बघा." इतक्या घाईत नवरा कुठून आणावा, आणि आणल्यावर त्यालाही अंडे उकडायला शिकवायचे काय, याबाबत नियमावलीत मार्गदर्शन नाही.

अर्जदाराने मग स्वतःच काही पर्यायांचा विचार केला. माजी पालकांना पुन्हा पाठवावे, मात्र त्यांच्यासोबत त्यांच्या मातोश्रींनाही पाठवावे, म्हणजे पाल्याचा पालक आणि पालकाचा पालक अशी सोय होईल. ते शक्य नसल्यास आपण स्वतः पालक म्हणून यावे. घरमालकीणबाईंकडे दिवाणखान्यात एक कोच रिकामा आहे. कचरा आळीपाळीने खाली न्यावा लागतो आणि मांजर पायांवर झोपते. सकाळी पावाच्या दुकानात आपणांस जावे लागेल, आणि तिथे नुसते 'हो' म्हणून भागत नाही. तेही गैरसोयीचे असल्यास, पालक सांभाळण्याचा अनुभव लक्षात घेऊन अर्जदाराचीच अर्जदारावर नियुक्ती करावी. दर आठवड्याचा अहवाल ती देईल. आतापर्यंतचाही तिनेच सांगितलेला होता.

हा परिच्छेद अर्जदाराने घरमालकीणबाईंना भाषांतर करून वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "हे सगळं लिहून झाल्यावर तू त्यांच्याकडे मागणार काय आहेस?" परवानगी, असे अर्जदार म्हणाली. "कशाची?" इथे राहून परीक्षा देण्याची. "आणि नाही म्हणाले तर?"

अर्जदार उठली. ती खोलीत गेली आणि रिकाम्या पानापुढे बसून राहिली. एक बाजू मांडून झाली होती, दुसरी आपल्या आदेशात होती. ठरवायचे राहिले होते.

१०. सबब, विषयात नमूद केलेली आदेश रद्द करण्याची विनंती अर्जदार मागे घेत आहे. ती चुकीची होती. ज्याला मुळात अर्थ नाही तो आदेश रद्द करा म्हणून हात जोडले तर त्याला अर्थ होता असे होते. अर्जदार परीक्षेच्या दिवशी परीक्षेच्या खोलीत असेल. शिष्यवृत्ती आपण बंद करालच. घरमालकीणबाई भाड्याच्या बदल्यात तिच्याकडून घरकाम करून घेणार आहेत, आणि त्या कामात आतापासूनच चुका काढतात. पुढे आपले विद्यापीठ हे वर्ष धरणार की नाही, ते परत आल्यावर बघू. तेव्हा समोरासमोर बोलता येईल, आणि भांडायचे कसे ते आता येते.

मागणे एकच आहे, आणि ते मी करते. माझ्या वडिलांना पत्र लिहा. त्याच पत्त्यावर, कामावर पाठवा, त्यांच्या साहेबांच्या हातून जाईल असे. विषय मोठ्याने वाचता येईल असा ठेवा. त्यात लिहा की तुमच्या मुलीने काहीही केलेले नाही, आमचीच चूक झाली. माफी माझी मागू नका. त्यांना डबा घेऊन इतरांबरोबर बसता आले पाहिजे.

आपल्या विद्यापीठाची आणि तूर्त इथलीही विद्यार्थिनी,

(सही)
एम.ए. फ्रेंच, द्वितीय वर्ष

दिनांक : २६ फेब्रुवारी

सोबत :
१) पालक नियुक्तीच्या आदेशाची प्रत, निळ्या सहीसह.
२) परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत.
३) घरमालकीणबाईंचे आपणांस पत्र, मूळ फ्रेंचमध्ये. भाषांतर जोडलेले नाही. त्यांनी करू दिले नाही. आपल्याकडे विभाग आहे, तिथे वाचून घ्यावे. शक्यतो दार लावून.